दुष्काळात तेरावा रिचार्ज

"अगं ए, ऐकलंस का? फोनमधली ती बाई परत बोलायला लागली. मुदत संपली म्हणे! आत्ता तर पोरानं रिचार्ज मारला होता."

"आत्ता कुठला काकू, अठ्ठावीस दिवस झाले की. त्यांचा महिना तेवढाच असतो. वर्षाला तेरा रिचार्ज."

"म्हणजे दुष्काळात तेरावा महिना म्हण! आपण नगरवाले, आपल्याला काय नवल त्याचं. पण लॉकडाऊनात बरे न मागता दिवस वाढवून देत होते."

"न मागता कुठले! दुकानं बंद, माणसं रिचार्ज मारणार कुठं? म्हणून 2020 च्या मार्चअखेरीस फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायनं त्यांना सांगितलं, प्रीपेडवाल्यांची मुदत वाढवा. मग एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं साध्या गिऱ्हाइकांना 17 एप्रिलपर्यंत मुदत दिली, वर दहा रुपयांचा टॉकटाइम. बीएसएनएलनं 20 तारखेपर्यंत. जिओनं जिओफोनवाल्यांना शंभर मिनिटं फुकट दिली."

"त्या दहा रुपयांत मी माहेरी बोलले होते. पुरले नाहीत, ते सोड. पण नेटसुद्धा मोकळं सोडलं होतं ना? तुझे हे सांगायचे."

"सोडलं होतं, पण त्यात मेख होती. बीएसएनएलनं रोज 5 जीबी फुकट दिलं, ते घरी लँडलाइन असेल त्याला. आपण तर तो डबा कधीच परत करून बसलो होतो! जिओनं अकरा-एकवीसच्या टॉपअपवर डेटा दुप्पट केला. पण आधी अकरा रुपये भरा, मग दुप्पट."

"आणि पोरांच्या शाळेला?"

"तीच तर गंमत. फुकटची मुदतवाढ उन्हाळ्यात संपली आणि ऑनलाइन शाळा सुरू झाली जूनमध्ये. घरात फोन एक, पोरं दोन. थोरलीचा गणिताचा तास झाला की दिवसाच्या दीड जीबीतलं बरंचसं गेलेलं. धाकट्याच्या तासाला बाई उघड्या तोंडानं तश्शाच थिजलेल्या. आवाज येतोय 'समजलं का?' आणि हा मान डोलावतोय!"

"मग गं?"

"मग काय, जुलैपासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागली. टीव्ही लावा, शिका. ना डेटा, ना रिचार्ज. आमचा धाकटा त्यावरच तरला."

"सरकारी टीव्हीच कामाला आला म्हणायचा. बरं, माझ्या ह्या बटणाच्या फोनला नेट लागतच नाही. मग मी पैसे कशाचे भरते?"

"पॅकमध्ये नेट घातलेलंच असतं ना काकू. आता ट्रायनंच 2024 च्या डिसेंबरात बजावलंय, नुसत्या बोलण्याचेही पॅक ठेवा म्हणून. पोराला सांगा, तसला पॅक मारून घ्या."

"थांब, थांब. म्हणजे लॉकडाऊनात तुझी पोरं नेटपायी रडत होती, तेव्हा माझ्या फोनात रोजचं नेट नुसतं पडून होतं?"

"पडून कसलं, रात्री बारा वाजले की वाया."

"अगं मग बोलायचं नाहीस का! विरजणाला ताक मागतेस कुंपणावरून, तेवढं मागायला काय झालं होतं?"

"ताकाला पातेलं पुढं करता येतं काकू. बटणाच्या फोनातून ते काढायचं कसं?"

"ते कंपनीला विचार. पैसे घालताना बरं घालता आलं तिला!"