चि. गृहकर्ज यांस

रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी मुंबईत बसते आणि रेपो दर ठरवते. दर वाढला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'गृहकर्जाचा हप्ता वाढणार!' कर्जदार धास्तावतो, भाजीवाल्याशी जास्त घासाघीस करतो. पण महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापली जाते ती जुनीच रक्कम. मग तो बँकेला मनोमन दुवा देतो. माझं म्हणणं असं की, न वाढलेला हप्ता वाढलेल्या हप्त्यापेक्षा महाग पडतो. दर वाढला आणि हप्ता हलला नाही, तर मुदत हललेली असते. ती मात्र घरात कुणी मोजत नाही.

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी बांधावी लागतात आणि बहुतेकींनी त्यासाठी रेपो निवडला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. आता ७ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी घेतलेलं ५० लाखांचं कर्ज धरा. हप्ता सुमारे ३८,७६५ रुपये. दर ८ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे २९६ होतात. ९ झाला तर जवळपास ४५८, म्हणजे अडतीस वर्षं. वास्तुशांतीला रांगणारं बाळ तोवर स्वतःच्या गृहकर्जाच्या रांगेत उभं असेल. आणि साडेनऊ टक्क्यांना महिन्याचं व्याजच होतं ३९,५८३ रुपये. हप्त्यातून व्याजही भागत नाही, मुद्दल फेडण्याऐवजी वाढत जातं. पुराणातले चिरंजीव सात, हे आठवे. रिझर्व्ह बँकेलाही हे अमरत्व मानवलं नसावं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिनं बँकांना बजावलं, की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजापेक्षा कमी पडू देऊ नका.

यावर कुणी म्हणेल, 'साडेनऊ टक्क्यांचा खरा हप्ता ४६,६०७. दरमहा पावणेआठ हजार जास्तीचे आणायचे कुठून?' प्रश्न रास्त आहे. ज्याचा पगार शेवटच्या आठवड्यात दम तोडतो, त्यानं मुदत वाढवावीच. पण सगळेच एवढ्या अडचणीत नसतात. दर ८ टक्के झाला तेव्हा महिन्याला तीन हजार जास्त भरणारा आणि मुदत वाढवून गप्प बसणारा, यांच्या एकूण भरण्यात सुमारे चौदा लाखांचा फरक पडतो. महागाईनं पुढचा हप्ता हलका होतो, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. हलका होतो खरा, पण कर्जाचा दर सहसा महागाईच्या वर असतो आणि वाचवलेले तीन हजार मुदत ठेवीत टाकले तर तिथलं व्याज त्याहून कमी. 'मग स्थिर दरच घ्यावा' म्हणणाऱ्यांनी तो दर विचारून पाहावा. पुढच्या वीस वर्षांची धास्ती बँक आधीच त्यात वसूल करते.

बँका लबाड असतात, हा आक्षेप मात्र सगळाच खोटा नाही. पूर्वी दर त्यांच्या स्वतःच्या हिशेबावर ठरत. रेपो वाढल्याची वार्ता त्यांना त्याच दुपारी कळे, उतरल्याची बैलगाडीनं येई. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटानं हा हिशेब मनमानी असल्याचं नोंदवलं, म्हणून तर रेपोशी गाठ बांधावी लागली. आता निदान तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो.

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो सव्वा टक्क्यानं उतरून ५.२५ वर आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. तो आवरा, जुनाच हप्ता भरत राहा. बँकेत गेलात तर शेवटचा हप्ता कोणत्या साली आहे, ते आधी विचारा. आणि बोनस आला तर त्यातले थोडे मुद्दलात टाका. घरासाठीचं तरत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून बँकेला दंड घेता येत नाही.