सुझुकी आली हो, सुझुकी!

अहो, ऐकलंत का? आमच्या चिंचवडात, चौथ्या मजल्यावरच्या साडेतीन वर्षांच्या पोराला व्हायोलिन लावलंय! चड्डीचं बटण त्याला अजून लागत नाही आणि वाद्य आणलंय एक-सोळांश मापाचं. एक-सोळांश! एवढी कोथिंबीर मागितली तर भाजीवाला उभं करणार नाही.

पद्धत म्हणे सुझुकीची. आता आपल्या भागात सुझुकी म्हटलं की माणूस ॲव्हरेज विचारतो. मीही विचारलं. तर हे निघाले शिनिची सुझुकी! जन्म १८९८चा, गाव नागोया, वडिलांचा व्हायोलिनचाच कारखाना. पोराचा बाप चाकणला जपानी कंपनीत. तिथून आधी घरात कायझेन आलं, मागोमाग हे.

शिकवणी तरी कशी? सुरुवातीला व्हायोलिनला हातच लावायचा नाही. बाकरवडीचं रिकामं खोकं हनुवटीखाली, हातात फूटपट्टी आणि नुसतं उभं राहायचं. शिवाय आईनंही शिकायचं! संध्याकाळी कुकरची शिट्टी आणि तिचा गज यांची जुगलबंदी चालते. त्यातल्या त्यात शिट्टी सुरात असते.

आजी म्हणाल्या, "अगं, व्ही. जी. जोग मांडी घालून वाजवायचे. हा उभ्यानं काय वाजवतोय?" सून म्हणाली, "आई, ते वेगळं." आजी तडक मोरया गोसावींच्या देवळात. चतुर्थी नसताना!

खरी गंमत पुढेच. सुझुकींचं म्हणणं, जपानची झाडून सारी पोरं जपानी बोलतात, कारण ती भाषा जन्मापासून कानावर पडते. व्हायोलिनही तसंच कानानं शिकवा. ट्विंकलची चाल आधी ऐकवा, ऐकवत राहा, कागद मागाहून. पद्धतीचं नावच मुळी मातृभाषेची पद्धत. मी मान डोलावते तोच आतून आवाज, "बेटा, स्टँड स्ट्रेट! से सॉरी टू आजी!" म्हणजे व्हायोलिन मातृभाषेसारखं आणि मातृभाषा कपाटावरच्या तंबोऱ्यासारखी, गवसणीत.

पुढे सुनेची शिफ्ट बदलली आणि रियाजाला आजी बसू लागल्या. रोज, न चुकता, तासभर, तोंडाचा पट्टा चालू. महिना झाला. व्हायोलिन अजून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखंच वाजतं. पण पद्धतीला नावं ठेवू नका, गुण येतो हो! काल मी सहज त्यांच्या दारापाशी थांबले होते, तर आतून खणखणीत मराठी कानावर आलं, "आजी, काकू पुन्हा दाराला कान लावून उभ्या आहेत गं!"