कमरेला पट्टा, हातात तिकीट

मराठवाड्यात कुणाची डिस्क सरकत नाही, मणक्यात गॅप पडतो. एक्स-रे बघितला तर प्रकार उलटाच असतो: दोन मणक्यांमधली गादी चेपून जागा वाढण्याऐवजी कमी झालेली असते. पण डॉक्टरांनी कितीही समजावलं तरी गावी परतलेला रुग्ण ओट्यावर बसून सांगतो, "गॅप निघाला." माझाही निघाला. एल-4 आणि एल-5 च्या मधे, सोयाबीनचा कट्टा ट्रॉलीत टाकताना. त्याआधी वीस वर्षं मी कट्टे दुसऱ्याकडून उचलून घेत होतो. त्या दिवशी जावई बघत होता.

प्रस्तुत मार्गदर्शन अशा गॅपधारक बंधुभगिनींसाठी आहे, ज्यांना दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावर जायचं आहे आणि ज्यांना नातवंडं आहेत. नातवंडं नसतील तर पुढे वाचू नका, भेळ खाऊन सरळ घरी या.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगितलं पाहिजे. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. खाकीबाबा मठाशी त्याचं नातं. मैसूरच्या पाठोपाठ आपलाच नंबर, असं हिंगोलीकर छातीठोक सांगतो, आणि मैसूरला जाऊन कोण मोजणार? रामलीला असते, रावणदहन असतं आणि प्रदर्शनी असते. प्रदर्शनी म्हणजे लोणच्याच्या बरण्या, पाच मिनिटांत भाजी चिरणारं यंत्र, आणि पाळणे. मुंबई-पुण्याच्या माणसाला पोटात गोळा आणायचा असेल तर तो 2013 पासून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातो. आमच्याकडे थीम पार्क नाही. थीम आहे, ती म्हणजे रावण. आणि पार्क ट्रकमध्ये बसून येतं, काही दिवस राहतं, आणि पुन्हा ट्रकमध्ये बसून पुढच्या जत्रेला जातं.

नियम पहिला: सकाळी पाळण्यात बसू नये. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी पिऊन फुगतात, म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. त्या टरारलेल्या अवस्थेत उठल्याउठल्या वाकणं कमरेला महागात पडतं. सुदैवाने दसऱ्याचे पाळणे संध्याकाळीच रंगात येतात, त्यामुळे हा एकमेव नियम मी आजवर न चुकता पाळला आहे.

नियम दुसरा: घरगुती उपचार उरकून घ्यावेत, नाहीतर नातेवाईक पाठ सोडत नाहीत. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी शस्त्रक्रिया. जन्मताना जो पायाकडून आला, त्याचा पाय गुणकारी. आमच्या गल्लीतली पायाळू व्यक्ती साडेतीन वर्षांची होती, म्हणूनच मी तयार झालो. ती माझ्या पाठीवर चढली, नाचली, आणि खाली उतरवल्यावर "पुन्हा" म्हणून रडली. उसणीचं काय झालं ते सांगता येणार नाही, पण त्या दिवशी कळलं की जगातली सगळ्यात जुनी राइड आजोबाच आहेत. यावरून पोटनियम निघतो: मैदानावर जाण्याच्या दिवशी घरी घोडा होऊ नये.

तिसरा नियम डॉक्टरांचा आहे, तो पुढे सांगतो. आता पाळण्यांकडे वळू.

आकाशपाळण्याला लोक उगाच घाबरतात. पहिला मोठा पाळणा जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात उभारला. उंची 264 फूट, 36 डबे आणि एकेका डब्यात 60 माणसं. म्हणजे आमच्याकडचं एखादं वऱ्हाड नवरदेवासकट एका डब्यात मावलं असतं आणि फक्त बँडवाले खाली राहिले असते. रामलीला मैदानावरचा पाळणा हा त्याचा गरीब चुलत नातू. पण कमरेच्या दृष्टीने तो सज्जन आहे. सावकाश फिरतो, हिसका देत नाही, अंगावर वजन लादत नाही. त्याचा धोका आहे तो चढताना आणि उतरताना. डबा झुलत असतो, दार छोटं असतं, मागचे लोक ढकलत असतात आणि आपण वाकून, वळून, एक पाय हवेत ठेवून आत शिरतो. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं असतं, वळू नका सांगितलेलं असतं. आपण दोन्ही एकाच वेळी करतो. योग्य पद्धत अशी: आधी पाठमोरं व्हावं, खुर्चीवर बसतो तसं बूड टेकवावं, मग दोन्ही पाय जोडीने आत घ्यावेत. नवी नवरी बैलगाडीत बसायची तसं. लोक हसतील. पुढच्या रांगेतल्या वहिनी मात्र तसंच करतील, हा माझा अनुभव आहे.

ब्रेकडान्समध्ये बसू नये. कारण सांगत नाही, नावातच आहे. गोल फिरणाऱ्या चकतीवर गोल फिरणाऱ्या कपबशा, आणि प्रत्येक कपबशी कोणत्या क्षणी उलटी गरगरेल हे तिचं तिलाच ठाऊक नसतं. कण्याला सरळ दाबाचं फारसं वाटत नाही, त्याला राग येतो तो अचानक बाजूने बसणाऱ्या पिळाचा.

धडक गाड्या दिसायला बापुड्या. गाडी छोटी, वेग बैलाचा, म्हणून आजोबा लोक हमखास तिथे फसतात. पण धडक मागून येते आणि येताना कळवत नाही. आपण सैल बसलेलो असतो, गाडी पुढे जाते, धड तिच्याबरोबर जातं आणि डोकं मागेच राहून विचार करतं. मान आणि कंबर दोघींचं एकाच तिकिटात काम होतं. माझ्या मते मैदानावरची सगळ्यात घातक वस्तू हीच, आणि तिथली रांग सगळ्यात लांब असते.

नावेबद्दल, म्हणजे त्या झुलणाऱ्या होडीबद्दल, शास्त्र स्पष्ट आहे. टोकाच्या बाकांवर झोका सगळ्यात उंच जातो, माणूस क्षणभर सीट सोडतो आणि परत तिच्यावर आपटतो. त्या आपटण्यालाच मुलं पैसे देतात. मधल्या बाकावर तोच खेळ निम्म्याने होतो. तेव्हा मधे बसावं, पाठ मागे टेकवावी, पाय घट्ट रोवावेत आणि आवाज मात्र टोकाच्या लोकांइतकाच काढावा, म्हणजे नातवाला संशय येत नाही.

पुढे आणि मागे बसण्यातला फरक ही अमेरिकेत तपासलेली गोष्ट आहे. डेव्हिड वार्टिंगर नावाच्या डॉक्टरांकडे रुग्ण येऊन सांगायचे की ऑर्लँडोच्या डिस्नी पार्कमधल्या बिग थंडर माउंटनवर बसलं की मुतखडा पडतो. डॉक्टरांनी सिलिकॉनचं मूत्रपिंड बनवून घेतलं, त्यात खरे खडे भरले, ते पाठीवरच्या पिशवीत घातलं आणि वीस फेऱ्या मारल्या. पुढच्या सीटवर सुमारे 17 टक्के खडे सुटले, मागच्या सीटवर 64 टक्के. अभ्यास 2016 साली छापून आला आणि 2018 ला त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं नोबेल. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही माणसाने हा निष्कर्ष पिशवीशिवाय सांगितला असता. बारकावा एवढाच: मुतखडावाल्यांनी मागे बसावं, मणकावाल्यांनी पुढे किंवा मधे. ज्यांना दोन्ही आहे त्यांनी खाली उभं राहून सगळ्यांच्या चपला सांभाळाव्यात.

मौत का कुआँ हा खेळ बघायचा असल्याने त्यात धोका नाही, असं समजून कित्येक गॅपधारक लोखंडी जिना चढतात. वर फळ्यांचा कट्टा असतो आणि मोटारसायकल भिंतीला चिकटून वर आली की तो कट्टा पायाखाली थरथरतो. तेही चालेल. पण मग शेजारचा माणूस दहाची नोट कठड्याबाहेर धरतो, स्वार हात सोडून ती घेऊन जातो, टाळ्या पडतात, आणि आपल्यालाही वाटतं की आपलीही नोट जावी. कठड्यावरून कंबरेत वाकून, हात लांबवून नोट धरणं म्हणजे कट्टा उचलण्याचीच मुद्रा, फक्त सोयाबीनशिवाय. नोट सोडून द्यावी, ती आपोआप खाली जाते.

आता तिसरा नियम, आणि यात गंमत नाही. कळ कमरेतून पायात उतरत असेल, पाऊल ओढावं लागत असेल, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलेलं असेल, तर खालीच थांबा. आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर पट्टा, मालिश, पायाळू मुलगी सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा. सकाळची वाट बघू नका.

हे मला ज्या डॉक्टरांनी सांगितलं त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं: "वाकू नका, वजन उचलू नका, धक्के टाळा." मी म्हणालो, "साहेब, मग मी हिंगोलीला परत कसा जाऊ?" ते एमआरआयकडे बघत राहिले.

कारण पाळण्याचा विचार आपण फार करतो आणि पाळण्यापर्यंत जायच्या वाटेचा करत नाही. अल्फ नाखेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला. आडवं पडल्यावर सगळ्यात कमी, उभं राहिल्यावर जास्त, बसल्यावर त्याहून जास्त, आणि पुढे वाकून वजन घेतलं की विचारायलाच नको. त्यात बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना विशेष साथ देतो, आणि ट्रॅक्टर-ट्रक नेमके त्याच तालात हलणारे. म्हणजे मडगार्डवर बसून हळद बाजारात नेणारा माणूस दिवसभर राइडवरच असतो. त्याला तिकीट नाही, दांडा नाही, आणि "पाठदुखी असलेल्यांनी बसू नये" अशी पाटी तर नाहीच.

विरोधाभास बघा. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने सुमारे 2,600 कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांनी मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकी हालचाल. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की औंढ्याला कळणार. त्यासाठी शांत जमीन हवी होती, ती आमच्या जिल्ह्यात सापडली. शेजारच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदेचे लोक जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षं ऐकतात, आणि 10 जुलै 2024 च्या सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का जिल्हाभर बसला, हा भाग वेगळा. त्या सकाळी मी पलंगावरून उठत होतो. भांडी वाजली तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, हळू उठा की!" तर सांगायचं म्हणजे, जवळा बाजारहून औंढ्याला येताना माझा एल-4 जी नोंद करतो, तीही विज्ञानाने जपून ठेवावी अशी आहे.

औंढ्याचा विषय निघालाच आहे तर, नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या गॅपधारकांनी जपावं. गाभारा जमिनीखाली आहे, उतरायची वाट अरुंद, पायऱ्या उभ्या, आणि खाली ताठ उभं राहता येत नाही. पण याच देवळाची आख्यायिका आहे की नामदेवांना पुढून उठवलं म्हणून ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि अख्खं देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मागे राहिला, तो आजही मागेच आहे. एवढं मोठं दगडी काम फिरलं आणि कुणाची कंबर धरल्याचा उल्लेख नाही. फिरवणाऱ्याच्या हाताचा प्रश्न असतो.

मागच्या दसऱ्याला मी हे सगळे नियम घेऊन मैदानावर गेलो. पट्टा शर्टाच्या आतून, म्हणजे नातवाच्या मित्रांना दिसू नये. आकाशपाळण्याच्या मुलाला हळूच सांगितलं, कमरेचं दुखणं आहे. तो म्हणाला, "बैठो चाचा, कुछ नहीं होता," आणि तरीही डबा हाताने धरून थांबला, मी पाठमोरा बसलो, त्याने मांडीवर दांडा पाडला, खिळा घातला, एकदा हलवून बघितलं, पुढे गेला, परत आला आणि पुन्हा हलवून बघितलं. पाळणा वर गेला. खाली न जळालेला रावण उभा होता, दहाही तोंडं रस्त्याकडे. नातू विचारत होता, "आजोबा, भीती वाटायली का?" मला गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच कुठे दुखत नव्हतं. दोनाऐवजी चार तिकिटं काढली.

रात्री परतताना तिघांच्या ऑटोत आम्ही सहा जण. पहिला गतिरोधक यायच्या आधी पुढून आवाज आला, "काका, घट्ट धरा." मी सवयीने मांडीवर दांडा चाचपडला. तिथे शेजारच्या बाईंची लोणच्याची बरणी होती. तीच धरली.