बटण वर म्हणजे बंद

आमच्या वाड्याच्या जिन्यात एक दिवा आहे आणि तो मालकांच्या मीटरवर आहे. ही गोष्ट भाडेकरूंना विसरता येऊ नये म्हणून बटणाशेजारी पाटी आहे : 'काम झाल्यावर दिवा बंद करावा. बटण वर म्हणजे बंद. पुन्हा विचारू नये.' अडचण एवढीच, की बटण खाली दिंडीदरवाजाशी आणि आम्ही वर. दिवा लावून वर चढलेल्या माणसाने तो विझवायला पुन्हा खाली यायचं आणि मग अंधारात धडपडत वर जायचं. त्यामुळे दिवा रात्रभर चालू आणि मालकांचं तोंड दिवसभर.

वरही एक बटण बसवावं, ही कल्पना माझी. वायरमन बोलवावा तर तो पैसे घेतो, हा त्या धंद्यातला मोठाच दोष. तेव्हा थेट तपकीर गल्ली गाठली. (तिथे तपकीर सोडून विजेचं सगळं मिळतं.) दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "वन-वे की टू-वे?" लक्ष्मी रस्त्यावर हयात गेलेला माणूस काय सांगणार? म्हटलं, "वन-वे."

मेन स्विच बंद केला, एवढं शहाणपण होतं. २३० व्होल्टशी सलगी नको. नवं बटण जुन्याच वायरीत, एकापुढे एक असं जोडलं. याला सिरीज म्हणतात. विजेला वाट एकच आणि वाटेत फाटकं दोन. दोन्ही उघडी असतील तरच दिवा लागणार. म्हणजे वरचा मजला आणि खालचा मजला यांचं एकमत हवं. १९६१च्या पानशेतच्या पुराचा दिवस सोडला, तर नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात असं काही झाल्याचं कुणाला आठवत नाही. तीन दिवस माणसं कठडा चाचपडत चढली.

चौथ्या दिवशी सगळं सोडवून बटणं पॅरलल जोडली, म्हणजे विजेला दोन वाटा आणि प्रत्येक वाटेवर एक फाटक. आता कुणालाही दिवा लावता येऊ लागला. विझवता मात्र येईना, कारण एक बटण बंद केलं तरी वीज दुसऱ्या वाटेने यायची. मालक खालचं बटण वर करून आधी पाटीकडे बघायचे, मग दिव्याकडे, मग माझ्याकडे.

शेवटी सौ.ने वायरमन बोलावला. त्याने दोन्ही बटणं बंद करून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"काका, बटणं न्यूट्रलवर टाकलीत. दिवा विझतो, पण करंट होल्डरातच बसून राहतो. बल्ब बदलायला हात घातला असता म्हणजे?"

हात मीच घालणार होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. बटण फेजवरच हवं, हे मात्र तेव्हापासून पक्कं डोक्यात आहे.

मग त्याने तीन-तीन टर्मिनलची दोन टू-वे बटणं काढली. फेज एका बटणाच्या मधल्या टर्मिनलला, दिव्याकडे जाणारी वायर दुसऱ्याच्या मधल्याला, आणि दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी. दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो. एक या वायरीवर, दुसरं त्या, की विझतो. खालून लावा, वरून विझवा. वीस मिनिटांत काम झालं. मला आठवडा लागला होता.

मालकांनी बटण दोनदा दाबून पाहिलं. "म्हणजे आता वर म्हणजे बंद ना?"

"तसं काही नाही. वरच्या मजल्यावरचं बटण कसं आहे, त्यावर आहे."

मालक पाटीकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे माझ्या बटणाचा अर्थ भाडेकरू ठरवणार?"

आठ दिवसांत नवी पाटी आली : 'बटण वर असो वा खाली, दिवा दिसत असल्यास तो चालू आहे असे समजून बंद करावा.' रंगवणाऱ्याने दीडशे रुपये घेतले. बल्ब ९ वॉटचा आहे. रोज रात्री दहा तास चालू राहिला, तर एक युनिट व्हायला सुमारे अकरा रात्री लागतात.