डोये मिटून आइकून राह्यलो!

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागातली कुठलीही बैठक घ्या. लग्न जुळवायची असो की संत्र्याच्या बगिच्याचा सौदा ठरवायची, भिंतीला टेकलेले एक काकाजी तिथे असतातच. बैठक सुरू झाली की आधी त्यांची पापणी जड होते, मग मान. हनुवटी छातीला टेकते न टेकते तोच मान झटक्यात वर येते आणि काकाजी समोरच्याकडे बघून "बराबर हाय" म्हणतात. या "बराबर हाय"वर आजवर किती सौदे पार पडले असतील!

"काकाजी, पेंगून राह्यले का?" असं विचारायची सोय नाही. "पेंगत नाही बाप्पा, डोये मिटून आइकून राह्यलो." पुरावा म्हणून कानावर पडलेलं शेवटचं वाक्य ते जसंच्या तसं म्हणून दाखवतात. त्याआधीच्या अर्ध्या तासाचं कुणी विचारत नाही, कारण ते बाकीच्यांनाही आठवत नसतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आलं. जिल्ह्याची कचेरी जवळ आली, तशी पेंगायची बाकडीही जवळ आली. तिथला कारभार हिंदीत. बाबूने "दादाजी, सो गए क्या?" म्हटलं की "हाँ साहब, झपकी लग गई थी" अशी कबुली लगेच मिळते. झपकीत त्यांना कमीपणा वाटत नाही. पेंगण्याचा आळ मात्र मराठीत येतो, आणि तो घरचीच माणसं घेतात.

तसं शास्त्र काकाजींच्या बाजूने आहे. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळाचा जागं ठेवण्याचा जोर ओसरतो; जेवण टाळलं तरी सुस्ती यायची ती येतेच. पण काकाजी जेवण टाळून प्रयोग कशाला करतील? गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, त्यांवर तुपाची धार, तुरीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी. तिसऱ्या रोडग्यानंतर माणूस बोलणं थांबवतो, चौथ्यानंतर सतरंजी शोधतो. त्यातून हा बेत देवस्थानात असला तर विचारूच नका. सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमानाची मूर्ती चक्क निजलेली आहे. काकाजी दर्शन घेतात नि मंडपात लवंडतात. कुणी हटकलंच, तर बोट गाभाऱ्याकडे.

वर्षातली एकच दुपार ते टक्क जागे असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे एकमेकांवरची दगडफेक, असते. नदीपासून कितीही लांबच्या ओट्यावर बसले, तरी गोट्याचा काय भरवसा?

सौंसरची जुनी नॅरोगेज त्यांच्या फार सोयीची होती. गाडीच इतकी रमतगमत चालायची की झोप पुरी झाली तरी गाव यायचं बाकी असे. नागपूर-इटारसी लाइनवर तसे लाड नाहीत. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेले काकाजी डोळे उघडतात, तेव्हा मुलताई आलेलं असतं. परतीच्या गाडीने रात्री उशिरा घरी पोचल्यावर ते ठसक्यात सांगतात, "तापीमायचं दर्शन करून आलो." तापीचा उगमच मुलताईचा, त्यामुळे थाप बिनतोड.

"या महिन्यात तिसऱ्यांदा?" काकू विचारतात. "अन् परसाद कुठी हाय?"