गाळेवाला

गाळेवाला हा शहागडच्या हमरस्त्याकडेला आढळणारा, मूळचा शेतकरी पण हल्ली शेताकडे क्वचितच फिरकणारा इसम होय. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोदावरीच्या काठी हे गाव. पूल ओलांडला की गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा. धुळे–सोलापूर महामार्ग इथूनच जातो. नदीने ऊस दिला, रस्त्याने गिऱ्हाईक दिले, आणि त्या गिऱ्हाइकाला उभे राहायला सावली लागते हे ज्याला आधी कळले तो गाळेवाला झाला.

त्याचे भांडवल दोन वाटांनी येते : उसाचे बिल आणि मावेजा. रस्ता चौपदरी होताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती एकरकमी पैसा आला. त्या पैशाला लग्न, गाडी आणि गाळे असे तीन पाय फुटले. लग्नाचा पैसा मांडवात जिरला आणि गाडीचा रस्त्यावर धावला. गाळ्यांचा तेवढा शटर लावून जागच्या जागी बसला. हा तिसरा मार्ग धरणारा माणूस गावात चिकट म्हणून ओळखला जातो आणि अडीअडचणीला लोक त्याच्याच दारात येतात.

चिकटपणाचे पुरावे भरपूर आहेत. भाड्याचा हिशेब बियाणे कंपनीने फुकट दिलेल्या डायरीत असतो. डायरी दोन वर्षांपूर्वीची असल्याने वार जुळत नाहीत, पण तारखा पुरतात. शटरला लागणारे तेल गॅरेजवाल्या भाडेकरूच्या डब्यातले, तेही जळके. पाच तारखेला वसुली निघते तेव्हा पहिला मुक्काम चहाच्या हॉटेलात पडतो, कारण हॉटेलवालाही भाडेकरूच आहे. चहाचे पैसे भाड्यात वळते करण्याचा विषय त्याने एकदा काढला होता. पुन्हा काढला नाही.

पावसाळ्यात संवाद ठरलेला असतो. मोबाइल शॉपीवाला म्हणतो, “अण्णा, स्लॅब गळायलाय.” अण्णा वर पाहतात, बराच वेळ पाहतात. “पाऊस काय बारा महिने राहायलाय का? खाली बकेट ठेव.” “बकेट नाही, अण्णा.” “मग घे ना एक.”

आता याच माणसाची दुसरी बाजू. बिजागरीचे वीस रुपये वाचवायला तीन दुकाने पालथी घालणारे अण्णा, अमुक फाट्यावर कॉलेज येणार अशी कुणकुण सकाळी लागली तर संध्याकाळी तिथल्या प्लॉटचा इसार देऊन मोकळे होतात. पैसा कमी पडला तर पतसंस्था, बायकोच्या पाटल्या, आणि शेवटी खासगी सावकार, महिना शेकडा दोनने. बारा लाख असे उचलले तर वर्षाचे व्याज दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होते. त्यावर उभा राहणारा गाळा महिना चार हजारांनी गेला तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार येतात. हे गणित चौथीतल्या नातवालाही जमेल. अण्णा त्याला ते कधी घालत नाहीत.

तरी त्यांना वेडे ठरवणे घाईचे होईल. त्यांचा डाव भाड्यावर नसतो, जमिनीच्या भावावर असतो, आणि या डावात पहिला मरतो तो घाईने विकावे लागणारा. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. बाग गेली की कृषी सेवा केंद्राची उधारी अडकते आणि उधारी अडकली की गाळ्याचे भाडे थकते. अशा साली टिकतो तो घरखर्च आधीच आवळून बसलेला माणूस. बादली आणि बिजागरीत वाचलेला पैसा अण्णांना थांबायची ताकद देतो. अमेरिकेतल्या हेट्टी ग्रीन (१८३४–१९१६) या बाई याच कुळातल्या : अतोनात श्रीमंत, कंजूषपणासाठी बदनाम, आणि १९०७ साली बाजार घाबरला तेव्हा कर्ज द्यायला हाती रोकड असलेल्या. शहागडला त्यांना कोणी चिकट म्हटले असते, त्याहून जास्त काही नाही.

काटकसर आणि धाडस एकाच कागदावर पाहायचे असेल तर गाळेवाल्याची गुंठेवारी पाहावी. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठे शेतजमिनीची खरेदी अडते. अण्णा पाचशेच्या बाँडवर नोटरी करून मोकळे होतात. मुद्रांक शुल्क वाचते आणि सगळा प्लॉट त्या पाचशे रुपयांवर उभा राहतो. काही प्लॉट नदीकडचे, म्हणून स्वस्त. जायकवाडी धरणातून जास्त पाणी सोडले की काठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. अण्णा तो ऐकतात आणि पाणी उतरेल असे सांगतात.

भाडेकरार मात्र अकरा महिन्यांचा. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ही पळवाट देशभर रुळली. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. तो आपल्या गावाला लागतो की नाही, हे अण्णांनी विचारलेले नाही. विचारायला वकील लागतो, आणि वकिलाला फी.

प्राप्तिकराचा एक नियम मात्र त्यांना तोंडपाठ आहे. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च केलेला असो वा नसो. अण्णांनी केलेला नसतो. सरकारने आपला स्वभाव ओळखून कायदा केला, असे त्यांचे प्रामाणिक मत आहे.

गाळेवाल्याची पुढची पिढी बहुधा पुण्यात असते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. करार संपला की तिथला मालक भाडे वाढवतो, तेव्हा मुलगा वैतागून घरी फोन करतो. अण्णा सगळे ऐकून घेतात आणि त्या मालकाचे किती फ्लॅट आहेत ते विचारतात.