किती देते?

"किती देते?" हा प्रश्न महाराष्ट्रात दोघींबद्दल विचारतात. एक म्हैस, दुसरी गाडी. दोन्ही ठिकाणी मालक वाढवून सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात तीन वजा करतो आणि कुणाचंच नुकसान होत नाही. माझे वडील त्यांच्या 1987 च्या प्रीमियर पद्मिनीबद्दल शेवटपर्यंत "आरामात पंधरा" असं सांगत. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर ते पंधराही आले. पहिल्याच महिन्यात मी टाकी काठोकाठ भरली, पुण्यात फिरलो, पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाकार केला. उत्तर आलं नऊ.

"बाबांनी उरलेले सहा कुठे ठेवलेत, ते कपाटात बघा," बायको म्हणाली.

गाडी तशी गुणी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, 1089 सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे दिवाणखान्यातल्यासारखा सलग सोफा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतल्या तिच्या बहिणी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवानिवृत्त झाल्या. आमची अजून नोकरीत आहे. वयोमानाप्रमाणे काही खोडी आहेत. चाळीसच्या पुढे गेलं की स्पीडोमीटरचा काटा थरथरे. आजोबांच्या हाताकडे पाहू नये, तसं मी तिकडे पाहत नसे.

नऊचा आकडा मी चुकून दोन-चार जणांना सांगितला आणि सल्ले सुरू झाले. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला स्कूटरवाला हेल्मेटमधून ओरडला, "पद्मिनी का? मारुतीचा कार्ब्युरेटर टाका!" सोसायटीतले एक निवृत्त अभियंता म्हणाले, "छे, अँबॅसॅडरचा एसयू. त्याला तोड नाही." एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराण्याचा इंग्लंडमध्ये जोड्यांचा धंदा होता आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या मानाने वरखाली होणारा चक्क चामड्याचा भाता असे. मी जुन्या बाजारात दोन रविवार एसयू शोधला. माझेच जोडे झिजले; घराण्याची परंपरा कायम राहिली.

शेवटी नाना पेठेजवळच्या आमच्या मेस्त्रींकडे गेलो. ते सत्तरीचे. कार्ब्युरेटरला ते 'कारबोटर' म्हणतात आणि बिघाड त्यांना सापडतो. मी उच्चार शुद्ध करतो, मला काही सापडत नाही. त्यांनी मूळचा सोलेक्स कार्ब्युरेटर उतरवला, वरचं झाकण काढलं, फ्लोट बाजूला ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरने पितळेचं एक बोंडाएवढं जेट काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर बारीक आकडा कोरलेला होता. तो आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मी ते उजेडाकडे धरलं. त्या टाचणीएवढ्या भोकातून माझं पेन्शन वाहत होतं.

"ह्यात जादू काही नाही साहेब," मेस्त्री म्हणाले. "हवा अरुंद गळ्यातून जाते, जाताना पेट्रोल ओढून नेते." बर्नोलीने 1738 साली ह्या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. मेस्त्रींनी दोन बोटांची चिमूट करून त्यातून फुंकर मारली आणि विषय संपवला.

घरी येऊन मी वाचन केलं. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! माझ्यातला मध्यमवर्गीय ताडकन उठून बसला. नऊ हजार लिटर माल फुकट, आणि शंभर रुपयांच्या पुढचा फक्त एक लिटर. मग फुकटचं थोडं वाढवावं, विकतचं थोडं आटवावं. पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढवणं आपल्या रक्तातच आहे.

"बारीक जेट टाका," मी मेस्त्रींना फर्मावलं.

"टाकतो. पण उपाशी गाडी पळत नाही. मग तुम्ही अ‍ॅक्सिलेटर जास्त दाबणार आणि हिशेब होता तिथेच येणार. इंजिन तापेल ते वेगळं."

शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आधीच पातळ झालेलं असतं. त्यातलं काही इथेनॉल उसाचं. म्हणजे गाडी थोडीफार रसवंतीगृहावर चालते. वरण आधीच पाणचट होतं आणि मी हातात तांब्या घेऊन उभा होतो.

तरी हट्ट म्हणून मारुतीचा कार्ब्युरेटर बसवलाच. युक्ती ऐकायला पटते. सोलेक्सला गळा एक, मारुतीच्या ह्याला दोन. हळू चालताना फक्त लहान गळा उघडा, त्यातून हवा जोरात जाते आणि पेट्रोलचे तुषार बारीक होतात. जोर लागला की दुसरा उघडतो. पण तो बनलाय 796 सीसीच्या तीन सिलिंडरांसाठी, आमच्याकडे खाणारी तोंडं चार. बोल्टची भोकंही जुळेनात, म्हणून मध्ये जाड पट्टी करून घ्यावी लागली. कार्ब्युरेटर, पट्टी, जेट, मजुरी धरून सात हजार गेले. आकडा नऊवरून साडेनऊ झाला. मी पेढे आणले.

पेढे घेऊन वाईला बहिणीकडे निघालो. खंबाटकीच्या चढावर गाडीने आधी उसासे टाकले, मग खोकला काढला आणि अर्ध्या वाटेत बसकण मारली. मागचे ट्रकवाले हॉर्नच्या भाषेत वडिलांची आठवण काढू लागले. बॉनेट उघडलं, तर पेट्रोल पंप तव्यासारखा तापलेला. पेट्रोलची आतल्या आत वाफ झाली होती. बायकोने काही न बोलता नॅपकिन पिण्याच्या पाण्यात भिजवला आणि पंपावर ठेवला. तापातल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतात, तसा. वीस मिनिटांनी गाडीने डोळे उघडले.

परतीच्या वाटेवर गाडीत रेडिओ नाही आणि माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून बायको रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत बसली. बराच वेळ झाल्यावर म्हणाली, "मघाशी दगडावर पुणे 60 होतं, आता 40 आहे. तुमच्या मीटरवर मात्र पंधराच झालेत."

मी काट्याकडे पाहिलं. काटा थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी स्पीडोमीटरची केबल ओढून काढली. तिचं चौकोनी टोक झिजून गोल झालं होतं. गिअरबॉक्स फिरे, केबल मध्येच घसरे आणि दर चार किलोमीटरला एक किलोमीटर हिशेबातून गळे. गाडी पहिल्यापासून बारा देत होती. मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, तीही सात हजार खर्चून.

मग बसून खरा हिशेब केला. मी वर्षाला फार तर दोन हजार किलोमीटर गाडी चालवतो. बाराचे चौदा झाले, तरी वाचणार चोवीस लिटर, म्हणजे अडीच हजार रुपये. सात हजार वसूल व्हायला जवळपास तीन वर्षं, आणि तोवर खंबाटकीत नॅपकिन किती जातील, ते धरलेलंच नाही.

सोलेक्स परत बसवला. मेस्त्रींनी जेटमध्ये तार घातली नाही, नुसती फुंकर मारली. तार घातली की भोक मोठं होतं आणि आकडा खोटा ठरतो. एअर फिल्टर बदलला, चाकांत हवा बरोबर भरली. नव्या केबलवर, दगडांशी ताडून, आता तेरा येतात.

तेव्हा जुन्या गाडीला नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी किलोमीटरचे दगड मोजा. त्यांची केबल झिजत नाही.

परवा सिग्नलला तोच स्कूटरवाला भेटला. "काका, किती देते?"

"आरामात पंधरा," मी म्हणालो.

तेरा गाडीचे, दोन बाबांचे.